पक्ष्यांची परदेशी नाणी दागिन्यात बसवताना: नवख्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

नाण्यावरचा पक्षी आधी डोळ्यांत भरतो आणि नाण्याचा धातू मागाहून लक्षात येतो. दागिना किंवा शोभेची वस्तू करायला घेतल्यावर मात्र हा क्रम उलटा करावा लागतो. नाणे कानात घालण्याजोगे आहे का, त्याला करवत चालेल का, ते आचेजवळ नेता येईल का, हे सगळे धातू ठरवतो. या लेखात नाणे निवडण्यापासून ते कोंदणात बसवण्यापर्यंतची वाट क्रमाने सांगितली आहे आणि नवख्याच्या हातून नाणे जिथे हमखास बिघडते, तिथे मी मुद्दाम जास्त थांबलो आहे.

परदेशी नाणी अंगावर घालणे मराठी घराला नवे नाही. व्हेनिसचे सोन्याचे डुकाट व्यापारातून इकडे येत आणि त्यांच्यावरच्या मानवाकृतींमुळे त्यांना आपल्याकडे पुतळी म्हणत; पुतळ्यांची माळ हा दागिना त्याच नाण्यांवरून आला. जुन्या सोनारांनी पुतळीला थेट कडी झाळली (आचेवर डाख, म्हणजे जोडधातू, वितळवून जोडली), कारण सोने आच सोसते आणि काळे पडत नाही. आपल्या हाती येणारी पक्ष्यांची नाणी बहुतेक कांस्याची, तांबे-निकेलच्या मिश्रधातूची किंवा मुलामा दिलेल्या पोलादाची असतात, म्हणून ती पद्धत त्यांना जशीच्या तशी लावता येत नाही.

नाणे कोणते घ्यावे

सुरुवात करायला ब्रिटनच्या रेन पक्ष्याच्या फार्दिंगइतके (पाव पेनीच्या जुन्या नाण्याइतके) सोयीचे नाणे मला दुसरे माहीत नाही. शेपटी उभारून बसलेला हा इवलासा पक्षी १९३७ ते १९५६ या काळातल्या फार्दिंगवर आहे. नाणे कांस्याचे आहे, व्यास साधारण २०.२ मिलिमीटर आणि वजन २.८ ग्रॅम, म्हणजे कानातल्यासाठी झेपेल इतके हलके आणि हाताला सापडेल इतके मोठे. आयर्लंडच्या १९२८ सालच्या नाण्यांपैकी फार्दिंगवर वुडकॉक हा पक्षी उडताना दाखवला आहे. कवी डब्ल्यू. बी. येट्स यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ही नाणी निवडली आणि पर्सी मेटकाफ यांनी ती कोरली. हे फार्दिंगही कांस्याचे आणि ब्रिटिश फार्दिंगच्याच आकाराचे असल्यामुळे एका कानात रेन आणि दुसऱ्यात वुडकॉक अशी जोडी फार छान जमते. त्याच मालिकेतल्या पेनीवर पिलांसह कोंबडी आहे आणि तिचे मोठे लोलक होतात.

जाळीकाम करायचे, म्हणजे पक्ष्याभोवतीची जागा कापून काढायची असेल, तर न्यूझीलंडची १९४० ते १९६५ या काळातली पेनी पाहावी. कोव्हाई झाडाच्या फुललेल्या फांदीवर बसलेला तुई पक्षी तिच्यावर आहे, नाणे सुमारे ३१ मिलिमीटरचे आणि कांस्याचे आहे आणि फुलांच्या मधल्या मोकळ्या जागा करवतीला वाट देतात. दक्षिण आफ्रिकेच्या एक सेंटवर दोन चिमण्या आहेत. त्या देशाच्या जुन्या फार्दिंगवरही दोन चिमण्याच होत्या आणि ते चित्र बायबलमधल्या ‘एका फार्दिंगला दोन चिमण्या’ या वचनाकडे बोट दाखवते. चिऊताईच्या गोष्टीवर वाढलेल्या मराठी घरात हे नाणे लगेच आपलेसे होते. फक्त ते १९८९ पर्यंतचे घ्यावे, कारण त्यानंतरचे नाणे तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाचे आहे.

न्यूझीलंडचे किवीचे २० सेंट १९६७ ते १९८९ या काळातले आहेत, वजन ११ ग्रॅमच्या पुढे. ते कानात घालू नये. गळ्यातल्या लोलकाला किंवा किल्ल्यांच्या कडीला मात्र ते उत्तम. क्रोएशियाच्या एक कुनावर नाइटिंगेल आहे आणि १ जानेवारी २०२३ पासून तिथे युरो आल्यामुळे हे नाणे आता चलनात नाही. इंडोनेशियाच्या १९९९ साली आलेल्या १०० रुपियाच्या ॲल्युमिनियमच्या नाण्यावर तुरेवाला काळा काकाकुवा आहे. त्याचे वजन दोन ग्रॅमही भरत नाही, म्हणून मोठ्या आकाराचे पण हलके कानातले हवे असेल, तर हे नाणे घ्यावे. फक्त त्यावर नेहमीचा डाख बसत नाही, हे आधीच धरून चालावे.

न्यूझीलंडच्या १९३३ ते १९६५ या काळातल्या सहा पेन्सवर हुइया पक्षी आहे. या पक्ष्याच्या खात्रीच्या नोंदी १९०७ साली संपल्या. म्हणजे नाणे पहिल्यांदा पाडले गेले, तेव्हा पक्षी दिसेनासा होऊन पाव शतक लोटले होते. हे नाणे १९४६ पर्यंत पन्नास टक्के चांदीचे आणि पुढे तांबे-निकेलचे आहे. यात भोक पाडायला किंवा ते कापायला माझा हात धजत नाही आणि वाचकांनाही माझी हीच विनंती आहे की, हुइया कोंदणातच बसवावा.

कायदा आधी, करवत मागाहून

कोणत्याही नाण्याला हत्यार लावण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात: ते आज चलनात आहे का आणि ते दुर्मीळ आहे का. ब्रिटनच्या १९७१ च्या कायद्यानुसार चलनात असलेली, तसेच १६ मे १९६९ नंतर बाद झालेली ब्रिटिश नाणी परवान्याशिवाय वितळवता किंवा मोडता येत नाहीत. फार्दिंग १९६० च्या अखेरीस बाद झाले असल्यामुळे ते या बंधनाच्या बाहेर राहते. कॅनडात चलनी नाणे चलनाखेरीज दुसऱ्या कामासाठी वापरण्यावर कायद्याने बंदी आहे, म्हणून टोरांटोत राहणाऱ्या मराठी वाचकाने लून पक्ष्याचा डॉलर कितीही मोहक वाटला, तरी त्याला भोक पाडू नये. ऑस्ट्रेलियात चलनी नाणे परवानगीवाचून विद्रूप करण्यास १९८१ च्या कायद्याने मनाई आहे आणि तिथले लायरबर्ड पक्ष्याचे दहा सेंट अजून चलनात आहेत. भारतात २०११ च्या नाणे कायद्यानुसार भारतीय नाणी वितळवणे किंवा नष्ट करणे हा गुन्हा आहे, त्यामुळे सरावासाठी घरातले रुपयाचे नाणे कापण्याचा विचारही करू नये. सरावाला पितळेचा पत्रा घ्यावा. शिवाय शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी आपल्याकडे १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या व्याख्येत येतात, तेव्हा तितके जुने नाणे दागिन्यासाठी निवडूच नये.

दुर्मीळपणाची तपासणी सोपी आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा नाण्यांच्या प्रदर्शनात किलोवर किंवा मूठभर विकली जाणारी झिजलेली नाणी घ्यावीत आणि त्यांतले एखादे साल वेगळे वाटले, तर हत्यार लावण्यापूर्वी नाणीसंग्राहकाला दाखवावे. झिजलेले नाणे दागिन्यात अधिक शोभते, असे माझे मत आहे. पंखांच्या रेषा हातांनी गुळगुळीत झालेल्या असतात आणि ती झीज कृत्रिमपणे आणता येत नाही.

धातूची ओळख

हाताशी लोहचुंबक, ग्रॅमचा दशांश दाखवणारा छोटा काटा आणि व्हर्निअर कॅलिपर असावा. चुंबकाला नाणे चिकटले, तर ते बहुधा मुलामा दिलेले पोलादी आहे. कापले की आतले पोलाद उघडे पडते आणि पावसाळ्यात कडेला गंज धरतो. मात्र शुद्ध निकेलही चुंबकाला चिकटते. दक्षिण आफ्रिकेच्या निळ्या क्रौंचाच्या जुन्या पाच सेंटचे तसेच आहे. म्हणून चुंबकाबरोबर वजन आणि व्यास मोजून ते त्या सालच्या नाण्याच्या नोंदीशी ताडून पाहावेत.

निकेलची गोष्ट गांभीर्याने घ्यावी. रुपेरी दिसणाऱ्या बहुतेक आधुनिक नाण्यांत ते असते. तांबे-निकेलच्या नेहमीच्या मिश्रणात त्याचे प्रमाण पंचवीस टक्के असते. घाम लागला की ते थोडे थोडे सुटते आणि ज्यांना त्याचे वावडे आहे, त्यांच्या त्वचेवर खाज व पुरळ उठतो. युरोपीय संघात त्वचेला सतत टेकणाऱ्या वस्तूंतून किती निकेल सुटावे, यावर याच कारणासाठी मर्यादा आहे. एक आणि दोन युरोच्या दोन धातूंच्या नाण्यांत दोन मिश्रधातू एकमेकांना टेकलेले असल्यामुळे घामात निकेल अधिकच सुटते. ग्रीसच्या एक युरोवर घुबड आहे, ते मला अतिशय आवडते, कारण ते आपल्या पिंगळ्याच्याच कुळातले. दोघांच्या शास्त्रीय नावाचा पहिला भाग ‘अथेनी’ असा एकच आहे. तरीही ते नाणे मी अंगावर घालण्यासाठी सुचवणार नाही, चौकटीत लावावे. कांस्याच्या नाण्याने घामात त्वचेवर हिरवट डाग पडतो, पण तो साबणाने जातो आणि त्याने अपाय होत नाही.

साफसफाई: जितकी कमी, तितकी बरी

कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब आणि मऊ केसांचा ब्रश एवढेच वापरावे. चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर यांपैकी काहीही लावू नये. आम्लाने नाण्यावरचा जुना तपकिरी थर निघून जातो आणि खाली कच्चा गुलाबी धातू दिसतो. पावडरीने पंखांच्या उठावाची टोके घासली जातात. पक्षी दिसतो तो मुळात त्या थरामुळेच, कारण खोलगट जागा काळ्या आणि उंच जागा उजळ असतात. प्लॅस्टिकच्या पाकिटात वर्षानुवर्षे राहिलेल्या नाण्यावर हिरवट चिकट लेप असेल, तर हवेशीर जागी, आचेपासून दूर, थोड्या ॲसिटोनमध्ये बुडवून काढावे.

माझ्याकडून सुरुवातीला एक चूक झाली, ती इथे सांगतो. एका कारागिराकडे मी रेनचे नाणे कोंदणासाठी दिले आणि काही सांगितले नाही. त्याने आपुलकीने ते बफावर, म्हणजे चकाकी आणणाऱ्या फिरत्या चाकावर, फिरवून आरशासारखे चकचकीत करून दिले. पक्ष्याच्या पाठीवरची सगळी पिसे गेली होती. तेव्हापासून नाणे दुसऱ्याच्या हाती देताना मी सोबत चिठ्ठी देतो: नाणे घासू नये, नाण्याला आच लावू नये.

लटकवून पाहणे

हे पाऊल लोक गाळतात आणि मग पस्तावतात. नाण्याच्या वरच्या कडेला दोऱ्याचा तुकडा चिकटपट्टीने लावून ते दिवसभर लटकत ठेवावे. पक्षी सरळ दिसतो की पुढे झुकतो, हे तेव्हाच कळते. उडणाऱ्या वुडकॉकला एखादा अंश तिरका ठेवला, तर उड्डाण अधिक जिवंत दिसते, रेन मात्र फांदीवर बसल्यासारखा सरळच हवा. मग नाणे उभ्या अक्षाभोवती फिरवून मागची बाजू पाहावी. ब्रिटन, आयर्लंड, न्यूझीलंड आणि युरोची नाणी अशी फिरवली, तर मागची बाजूही सरळ दिसते. अमेरिकी नाण्याची मागची बाजू मात्र उलटी येते, म्हणजे गरुड सरळ ठेवला की मागचा मुखवटा डोक्यावर उभा राहतो. दोन्ही बाजू दिसणारा दागिना करायचा असेल, तर हा फरक आधीच लक्षात घ्यावा. जागा ठरली की कडेवर पेनाने बारीक खूण करून ठेवावी.

कोंदण

नवख्याने पहिला दागिना कोंदणातच करावा, असा माझा आग्रह आहे. यात नाण्याला ओरखडाही येत नाही आणि उद्या मन बदलले, तर कड उचलून नाणे जसेच्या तसे बाहेर काढता येते. मागून उघडे कोंदण केले, तर दोन्ही बाजू दिसतात. निकेलचे वावडे असेल, तर मागे चांदीचा पत्रा लावून बंद करावे.

नाण्याचा व्यास तीन ठिकाणी मोजावा आणि सर्वांत मोठे माप धरावे, कारण झिजलेले नाणे पुरते गोल नसते. नाण्याभोवती वळवायच्या पट्टीची लांबी काढताना व्यासात पट्टीची जाडी मिळवून त्या बेरजेला ३.१४ ने गुणावे. फार्दिंगसाठी ०.४ मिलिमीटर जाडीची शुद्ध चांदीची पट्टी घेतली, तर २०.२ अधिक ०.४ म्हणजे २०.६ आणि गुणाकार ६४.७ मिलिमीटर येतो. पट्टी कापून तिची टोके कानशीने अशी सरळ करावीत की, ती जुळवून उजेडासमोर धरली असता फट दिसू नये. डाख सांधा जोडतो, पण फट भरून काढत नाही. टाकणखार (बोरॅक्स) लावून सांधा झाळावा आणि वळे तुरटीच्या गरम पाण्यात टाकून स्वच्छ करावे.

आता थंड झालेल्या वळ्यात नाणे घालून पाहावे, पण त्याआधी नाण्याखालून एक दोरा आडवा ठेवावा, म्हणजे नाणे अडकले, तर दोरा ओढून बाहेर काढता येते. हलक्या दाबाने नाणे आत सरकले पाहिजे. घट्ट वाटले, तर वळे गोल सळईवर चढवून लाकडी हातोडीने किंचित वाढवावे. सैल असेल, तर सांध्यापाशी कापून पुन्हा जोडावे, कारण सैल कोंदणात नाणे पुढे खडखडत राहते. त्यानंतर वळ्याच्या आत बारीक तारेचे दुसरे वळे झाळून नाण्याला टेकायला बैठक करावी आणि सर्वांत शेवटी, आधीच्या सांध्यांपेक्षा कमी तापमानाला वितळणाऱ्या डाखाने, वरची कडी लावावी.

आचेचे काम पूर्ण संपल्यावर, कोंदण धुऊन कोरडे झाल्यावरच नाणे आत जाते. नाणे बसवून नंतर कडी झाळण्याचा मोह अनेकांना होतो. त्याने कांस्य काळेठिक्कर पडते आणि तो रंग पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. मग कड वळवावी: आधी वर, मग खाली, मग उजवीकडे, मग डावीकडे, अशा समोरासमोरच्या जागा दाबत जाव्यात आणि राहिलेले उंचवटे नंतर बसवावेत. एकाच बाजूने सलग वळवत गेले, तर शेवटी पट्टीला चुणी पडते. गुळगुळीत पोलादी हत्याराने कड चोळून बंद केली की काम झाले. ज्यांच्याकडे आचेची सोय नाही, त्यांना बाजारात ठरावीक मापांची तयार, स्क्रूने आवळायची कोंदणे मिळतात; आयर्लंडच्या सात कोनांच्या वुडकॉकच्या ५० पेन्ससारख्या नाण्याला मात्र माप देऊनच कोंदण करून घ्यावे लागते.

भोक आणि जाळीकाम

भोक पाडल्यावर नाणे पूर्वीसारखे होत नाही, म्हणून ते भरपूर मिळणाऱ्या, चलनाबाहेरच्या नाण्यालाच पाडावे. ठरवलेल्या खुणेवर, कडेपासून किमान दोन मिलिमीटर आत, टोच्याने खड्डा करावा, म्हणजे ड्रिलचे पाते घसरून पक्ष्यावर जाणार नाही. नाणे कधीही बोटांत धरू नये; पाते अडकले, तर ते भिंगरीसारखे फिरून बोट कापते. चामड्याचा तुकडा घालून शिकंज्यात धरावे, खाली लाकूड ठेवावे, १.५ मिलिमीटरचे पाते तेलाचा थेंब देऊन सावकाश चालवावे आणि शेवटी भोकाच्या दोन्ही कडा मोठ्या पात्याच्या टोकाने हाताने फिरवून बोथट कराव्यात, नाहीतर धारदार कड दोरा कापते. डोळ्यांना चष्मा हवाच.

जाळीकामात पक्ष्याभोवतीची मोकळी जागा कापून काढतात आणि बाहेरची गोल कड शाबूत ठेवतात. सोनाराच्या करवतीचे बारीक पाते, दात खालच्या दिशेला ठेवून, छेडल्यावर खणखणीत वाजेल इतके ताणून लावावे. प्रत्येक मोकळ्या जागेत एक छोटे भोक पाडून त्यातून पाते ओवावे, करवत उभी ठेवावी आणि वळणावर करवत न फिरवता नाणे फिरवावे. पात्याला मेण लावत राहावे. पहिल्या दिवशी पाच-सहा पाती तुटतील, तेवढी जास्तीची घेऊन ठेवावीत. तुईच्या पेनीत चोच आणि फांदी हे नाजूक भाग शेवटी कापावेत. ते आधी मोकळे केले, तर पुढच्या प्रत्येक ओढीला थरथरतात आणि वाकतात. पक्षी कडेला किमान तीन ठिकाणी जोडलेला राहिला पाहिजे. कापताना नाकावर मास्क असावा आणि भुकटी फुंकून न उडवता ओल्या फडक्याने पुसावी. कापलेल्या कडा नव्या तांब्यासारख्या चमकतात. त्या जुन्या रंगाशी जुळवायच्या असतील, तर उकडलेल्या अंड्याचा पिवळा भाग कुस्करून बंद डब्यात नाण्याशेजारी, पण त्याला न टेकवता, ठेवावा. त्यातून निघणाऱ्या गंधकयुक्त वायूने कडा हळूहळू काळवंडतात. दर काही तासांनी डबा उघडून पाहावे.

आच आणि करवत यांवाचून

जाड कागदाला नाण्याच्या मापाची गोल खिडकी कापून, मागेपुढे काच लावलेली चौकट करता येते. त्यात पक्ष्यांची आठ-दहा नाणी देशवार लावली, तर भिंतीवर फार देखणी दिसतात. लाकडी डबीच्या झाकणात खाचा करून नाणे घट्ट दाबून बसवता येते. झटपट चिकटणारा डिंक वापरू नये, त्याच्या वाफेने नाण्यावर पांढरी झाक येते. इपॉक्सी रेझिनमध्ये नाणे ओतायचे असेल, तर आधी ब्रशने पिसांच्या खाचांत रेझिनचा पातळ हात द्यावा आणि मगच बाकीचे ओतावे. तसे केले नाही, तर नेमके पंखांवरच हवेचे बुडबुडे अडकतात. रेझिनमधून नाणे पुन्हा धडपणे निघत नाही, तेव्हा इथेही साधेच नाणे घ्यावे. तीन वर्षांखालील मुलांसाठी यांपैकी काहीही करू नये. सुटलेले नाणे घशात अडकू शकते.

वापर आणि देखभाल

कानातल्याची तार चांदीची, सोन्याची किंवा टायटॅनियमची घ्यावी, कारण नाणे कानाखाली लोंबते, पण तार कानाच्या भोकातून जाते. उघड्या नाण्याच्या मागे पारदर्शक लाखेचा हात दिला, तर काही आठवडे त्वचा वाचते, पण तो थर झिजतो आणि पुन्हा द्यावा लागतो. माळ ओवायची असेल, तर पटवेकऱ्याकडून प्रत्येक नाण्यामध्ये गाठ घालून घ्यावी, म्हणजे नाणी एकमेकांवर आपटून पक्षी झिजत नाहीत. कडी दर दोन-तीन महिन्यांनी नखाने हलवून पाहावी. तिची फट उघडू लागली असेल, तर बाजूला सरकवून बंद करावी, बाहेर ओढून नव्हे. आणि दागिना कोणाला भेट देणार असाल, तर डबीत एक कागद जरूर ठेवावा, ज्यावर देश, साल, पक्ष्याचे नाव आणि नाण्यात निकेल आहे की नाही, एवढे लिहिलेले असेल.